सव्हाना : बेचाळीस यहुदी, बावीस चौक आणि एक जुना सेफेर तोरा



आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत. दोन-तीन वर्षांतून एकदा आपण त्यांच्याकडे जातो आणि मुले हौसेने न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा दाखवतात. दक्षिणेकडच्या जुन्या गावांना सहसा कोणी नेत नाही. म्हणून हा लेख. जॉर्जिया राज्यातले सव्हाना हे गाव आपल्या वयाच्या माणसाला दोन दिवसांत, न दमता, नीट पाहता येते. तिथे आपल्या लोकांची एक गोष्ट आहे. ती मायबोलीत कुठे वाचलेली मला आठवत नाही.

आमची लेक अटलांटाला असते. तिथून सव्हाना सुमारे चारशे किलोमीटर, मोटारीने चार तास. पेसाह झाल्यावर आम्ही दोघे, लेक आणि जावई असे चौघे गेलो. एक रात्र राहिलो. जे पाहिले आणि त्यामागचे जे समजून घेतले ते क्रमाने सांगते.

गाव कसे वसले

सव्हाना नदी अटलांटिक महासागराला मिळते, तिथून सुमारे तीस किलोमीटर आत, नदीकाठच्या उंच कड्यावर हे गाव आहे. १२ फेब्रुवारी १७३३ रोजी जेम्स ओगलथॉर्प नावाचा इंग्रज गृहस्थ 'अ‍ॅन' जहाजातून शंभरावर माणसे घेऊन इथे उतरला. ब्रिटिश राजाची ही तेरावी आणि शेवटची अमेरिकन वसाहत. राजा दुसरा जॉर्ज, म्हणून तिचे नाव जॉर्जिया.

कड्यावर आधीपासून यामाक्रॉ नावाचे मूळ रहिवासी राहत होते. त्यांचा वृद्ध प्रमुख तोमोचिची याने ओगलथॉर्पशी सलोखा केला आणि जागा दिली. दोघांमध्ये दुभाषी होती मेरी मसग्रोव्ह, आई तिथली आणि बाप इंग्रज असलेली बाई. तोमोचिची १७३९ साली वारला तेव्हा त्याला गावातल्या एका चौकात मानाने पुरले. पुढे १८८३ साली त्याच जागेवर एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाचे स्मारक बांधले गेले. पुष्कळांना ते रुचले नाही. १८९९ साली त्याच चौकाच्या कोपऱ्यात तोमोचिचीच्या नावाचा ग्रॅनाइटचा मोठा दगड बसवला. आज चौकाच्या मध्ये रेल्वेचा अध्यक्ष आहे आणि ज्याने जागा दिली तो कोपऱ्यात आहे.

ओगलथॉर्पचा हेतू गरीब, कष्टाळू इंग्रजांना जमीन देऊन वसवायचे असा होता. शिवाय दक्षिणेला फ्लोरिडात स्पॅनिश सत्ता होती, तिच्या वाटेत एक इंग्रज वसाहत उभी राहावी हाही हिशेब होता. प्रत्येक कुटुंबाला गावात घरापुरता तुकडा, गावाबाहेर पाच एकर बाग आणि त्यापलीकडे शेत, मिळून पन्नास एकर. ज्यांनी इस्रायलमध्ये मोशावचे दिवस पाहिले आहेत त्यांना ही व्यवस्था चटकन समजेल. घरे जवळजवळ, शेते पलीकडे, आणि संकट आले तर सगळ्यांनी मिळून राखण करायची.

चौकांचे गाव

सव्हानाची खरी ओळख तिचे चौक. आपण चौक म्हणजे रस्त्यांचा छेद समजतो. इथला चौक म्हणजे घरांच्या मधोमध सोडलेले लहानसे उद्यान. आरंभी असे चार होते. गाव वाढले तसे तोच नमुना पुढे पुढे ठेवत नेला आणि चोवीस चौक झाले. त्यांपैकी बावीस आज आहेत.

नमुना सोपा आहे. चौकाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला घरांच्या जागा, दहा-दहांचे चार गट, म्हणजे चाळीस घरे. पूर्वेला आणि पश्चिमेला चार मोठ्या जागा, त्या सार्वजनिक इमारतींसाठी: देवळे, शाळा, कचेऱ्या. गाडीला चौकातून सरळ जाता येत नाही, वळसा घालावाच लागतो, म्हणून तिचा वेग आपोआप कमी होतो. एका चौकातून निघालो की दोन-तीन मिनिटांत दुसरा येतो, आणि प्रत्येकात बाके आणि सावली. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची रचना मी पाहिली नाही. आमचे हे दर चौकात बसत होते आणि तरीही आम्ही एका सकाळी नदीपासून फोर्साइथ उद्यानापर्यंत पोचलो.

ही वाट बुल स्ट्रीटची. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास. वाटेत पाच चौक लागतात: जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन आणि माँटेरे. तोमोचिचीचा दगड राइट चौकात आहे. चिपेवा चौकात ओगलथॉर्पचा पुतळा आहे, तो दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे, जणू अजूनही स्पॅनिश सैन्यावर नजर ठेवून. माँटेरे चौकात आपले सिनेगॉग. वाट संपते तिथे उद्यान आणि त्यात १८५८ सालचे पांढरे कारंजे.

सावली देणारी झाडे म्हणजे तिथले सदाहरित ओक. फांद्या आडव्या पसरलेल्या, आपल्या वडासारख्या, फक्त पारंब्यांऐवजी करड्या रंगाच्या लांब दाढ्या लोंबतात. त्याला तिथे 'स्पॅनिश शेवाळ' म्हणतात. पण ते स्पेनचे नाही आणि शेवाळही नाही. ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. तिला मुळे नसतात, झाडातून ती काही शोषत नाही, हवेतल्या दमटपणावर आणि पावसावर जगते. पूर्वी ती वाळवून गाद्यांमध्ये आणि मोटारींच्या बैठकांमध्ये भरत.

बेचाळीस माणसे

आता मुख्य गोष्ट. गाव वसून पाच महिने झाले होते. उन्हाळा सुरू होताच तापाची साथ आली. वसाहतीचा एकुलता एक वैद्य एप्रिलमध्येच वारला होता. रोज कोणी ना कोणी मरत होते. अशा वेळी, ११ जुलै १७३३ रोजी, लंडनहून एक जहाज नदीत शिरले. त्यात बेचाळीस यहुदी होते.

त्यांपैकी चौतीस जण स्पेन-पोर्तुगालकडचे सेफारदी आणि आठ जण जर्मनीकडचे अश्केनाझी. लंडनच्या बेव्हिस मार्क्स सिनेगॉगच्या लोकांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च केला होता. लंडनमध्ये बसलेल्या वसाहतीच्या विश्वस्तांना यहुदी नको होते. त्यांनी तसे कळवलेही. पण जहाज येऊन धक्क्याला लागले होते आणि निर्णय ओगलथॉर्पला करायचा होता.

त्याने चार्ल्सटनच्या वकिलांचा सल्ला घेतला. वसाहतीच्या सनदेत कॅथलिकांना मनाई होती, यहुद्यांना नव्हती. सनदेतला तो शब्द नसणे आपल्या उपयोगी पडले. दुसरे कारण त्याहून मोठे होते. आलेल्यांत डॉ. सॅम्युएल नुनेस नावाचा लिस्बनचा नामांकित वैद्य होता. पोर्तुगालमध्ये वरून ख्रिस्ती म्हणून राहायचे आणि घरात गुपचूप यहुदी धर्म पाळायचा, असे या कुटुंबाने दिवस काढले होते. धर्मन्यायालयाच्या जाचातून सुटून ते लंडनला आले होते. नुनेसने उतरताच आजाऱ्यांना हात घातला, पैसे न घेता. साथ ओसरली. ओगलथॉर्पने विश्वस्तांना लिहून कळवले की या वैद्यामुळे माणसे वाचली. यहुदी राहिले, आणि त्यांना जमिनीही मिळाल्या.

त्यांनी सोबत काय आणले होते? एक सेफेर तोरा आणि मिलाची साधने. घरदार सोडून समुद्रावर निघालेल्या माणसांनी काय उचलले ते पाहा. नवगावच्या किनाऱ्यावर आपली सात पुरुष आणि सात बायका वाचली, पुस्तके समुद्राने नेली, हाती उरले ते शेमा, शाब्बाथ, मिला आणि खाण्यापिण्याचे नियम. सव्हानाच्या लोकांच्या हाती पुस्तक राहिले. दोन वर्षांत, १७३५ साली, त्यांनी आपली काहाल स्थापली आणि नाव ठेवले मिक्वे इस्रायल, म्हणजे इस्रायलची आशा. हे नाव यिर्मियाहू नबीच्या ग्रंथातून आले आहे. होलोनजवळची जुनी शेतकी शाळा याच नावाची, ती आपल्याला ठाऊक आहेच. आज न्यूयॉर्क आणि न्यूपोर्टनंतर ही अमेरिकेतली तिसरी जुनी काहाल मानली जाते.

दोन घरे

आरंभीच त्यांच्यात दोन तट होते. सेफारदी आणि अश्केनाझी यांच्या प्रार्थनेची रीत वेगळी, बोली वेगळी, एकमेकांविषयी शंका. एवढ्याशा गावात बेचाळीस माणसे, आणि तीही एका घरात प्रार्थनेला बसायला नाखूष. आम्ही हे ऐकले तेव्हा एकमेकांकडे पाहिले. कोण खरा यहुदी, हा प्रश्न दुसऱ्या यहुद्याने विचारला की किती लागतो, हे आपल्या पिढीला सांगायला नको. १९६४ साली क्नेसेतने आपण सर्व बाबतींत यहुदी आहोत असे जाहीर केले, तोवर आपल्याच देशात आपल्याला त्यासाठी रस्त्यावर बसावे लागले होते.

सव्हानामध्ये तंटा मिटला तो समेटाने नव्हे. १७४० च्या सुमारास इंग्लंड आणि स्पेन यांचे युद्ध पेटले आणि स्पॅनिश फौज फ्लोरिडाहून वर येणार अशी भीती पसरली. सेफारदी कुटुंबे कागदोपत्री एके काळी ख्रिस्ती होती. स्पेनच्या हाती लागली असती तर धर्म सोडला म्हणून त्यांना जाळले असते. ती चार्ल्सटनकडे आणि उत्तरेकडे निघून गेली. अश्केनाझींना तसे भय नव्हते. मागे उरली दोन घरे, शेफ्टाल आणि मिनिस. मिनयानही जमेना.

ही दोन घरे टिकली म्हणून पुढची गोष्ट आहे. मिनिसांच्या घरी १७३४ साली फिलिप जन्मला. त्या वसाहतीत जन्मून जगलेले ते पहिले गोरे मूल, असे सांगतात. त्याची आई अबिगेल नवरा गेल्यावर खाणावळ चालवू लागली, जमीनजुमला सांभाळला आणि नव्वदी ओलांडून १७९४ साली वारली. शेफ्टालांच्या घरी बेंजामिनने वही ठेवली होती. कोण कोणत्या दिवशी आले, कोण जन्मले, कोण वारले, कोण गाव सोडून गेले, ते तो लिहीत असे. त्याच्या मागे त्याच्या मुलाने, लेवीने, ते चालू ठेवले. बेचाळीस माणसांविषयी आज जे सांगता येते त्यातले पुष्कळसे या वहीतून आले आहे.

बेंजामिनचा दुसरा मुलगा मोर्देखाय. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो जॉर्जियाच्या फौजेला धान्यपुरवठा करणारा मुख्य अधिकारी होता. त्या सैन्यातल्या यहुद्यांत सर्वांत वरच्या पदावरचा. डिसेंबर १७७८ मध्ये ब्रिटिशांनी सव्हाना घेतले तेव्हा तो आणि त्याचा तरुण मुलगा पकडले गेले आणि तुरुंग केलेल्या जहाजावर डांबले गेले. तिथे त्याच्यापुढे मुद्दाम डुकराचे मांस करत असे सांगतात, आणि त्याने ते खाल्ले नाही. सुटून आल्यावर सैन्यासाठी पदरचे घातलेले पैसे सरकारने त्याला परत दिले नाहीत. हे ऐकताना आपले समाजी हसाजी दिवेकर कोणाला आठवणार नाहीत? तेही त्याच काळातले, तेही सैन्यात, तेही टिपू सुलतानाच्या कैदेत पडलेले. सुटले म्हणून १७९६ साली त्यांनी मुंबईत शाआर हाराहामीम बांधले, आपली जुनी मशीद. मोर्देखायनेही युद्धाआधी, १७७३ साली, आपली जमीन यहुद्यांच्या दफनभूमीसाठी दिली. ती दफनभूमी आजही आहे.

१७९० साली लेवी शेफ्टालने काहालच्या वतीने अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनला अभिनंदनाचे पत्र पाठवले आणि वॉशिंग्टनने उत्तर दिले. मिसरातून इब्रींना सोडवणाऱ्या देवाचाच या नव्या देशावरही हात आहे, असा त्या उत्तराचा भाव आहे.

माँटेरे चौकातले सिनेगॉग

पहिले छोटे लाकडी सिनेगॉग १८२० साली झाले. म्हणजे काहाल स्थापल्यापासून पंचाऐंशी वर्षे लोकांनी घरांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून तेफिला केली. १८२९ साली ते जळाले. सेफेर तोरा मात्र वाचले. मग विटांचे बांधले, आणि गाव वाढल्यावर १८७८ साली आजचे.

बाहेरून पाहिले तर तुम्ही म्हणाल, हे तर चर्च आहे. टोकदार कमानी, रंगीत काचा, मनोरा. त्या काळी गावात गॉथिक पद्धतीची चाल होती आणि शिल्पकारानेही तेच केले. आत गेल्यावर हेखाल, मागेन दावीद, नेर तामिद दिसले की मन स्थिर होते. १९०४ पासून ही काहाल रिफॉर्म पंथाची आहे. पुरुष-बायका एकत्र बसतात, ऑर्गन आहे. आपल्या पद्धतीला हे परके वाटेल.

वर छोटे संग्रहालय आहे. तिथे हरणाच्या कातड्यावर लिहिलेले जुने सेफेर तोरा काचेमागे ठेवले आहेत. लेकीने आम्हांला बाकावर बसवले आणि दाखवणाऱ्या बाईंना सांगितले की आईवडील अश्दोदहून आलेत, मूळचे रायगडचे. त्या बाईंनी बेने इस्रायल हे नाव ऐकले होते. त्यांनी विचारले, तुमच्या गावात आता किती यहुदी आहेत? आमच्या ह्यांनी सांगितले, मोजायला एक हात पुरेल, पण सिनेगॉग झाडूनपुसून ठेवतात. बाईंनी मान हलवली. दोन घरांवर आलेल्या काहालचे म्हणजे काय, ते त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

कापूस : सव्हाना आणि मुंबई

आता एक नाते सांगते जे तिथल्या वाटाड्यांच्या बोलण्यात येत नाही. १७९३ साली सव्हानाजवळच्या एका मळ्यावर एली व्हिटनी या तरुणाने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. तोवर कापसातून सरकी हाताने वेगळी करावी लागे, दिवसभरात एका माणसाकडून थोडीच होई. यंत्राने ते काम कितीतरी पट वाढले, कापसाचे पीक सगळ्या दक्षिणेत पसरले आणि सव्हाना कापसाचे मोठे बंदर झाले. नदीकाठच्या उंच विटांच्या इमारती या कापूस दलालांच्या वखारी आणि कचेऱ्या. खालच्या रस्त्यावरचे दगड जहाजांच्या बुडाशी भार म्हणून आलेले.

१८६१ साली उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. एप्रिल १८६२ मध्ये नदीच्या तोंडावरचा पुलास्की किल्ला पडला आणि सव्हानाचे दार बंद झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग तो कुठून आला? आपल्या मुंबईहून. कापसाचे भाव आकाशाला भिडले, शहरात पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, आणि शेअर घेण्याचे वेड लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतली घरेच्या घरे बसली. आपले पूर्वज तेव्हा कोकणातून येऊन मुंबईत सुतारकाम, गवंडीकाम, पलटणीत नोकरी करत होते. त्यांची मजुरी वाढली ती आणि बुडाली ती, दोन्हींची दोरी सव्हानासारख्या बंदरांशी बांधलेली होती. त्या व्यवहारातले मोठे नाव प्रेमचंद रायचंद. त्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तोही गॉथिक आणि तोही १८७८ सालीच पुरा झाला.

सव्हाना स्वतः वाचले ते नशिबाने. उत्तरेचा सेनापती शर्मन जाळपोळ करत समुद्राकडे निघाला होता. डिसेंबर १८६४ मध्ये गावाने लढाई न करता दार उघडले. शर्मनने अध्यक्ष लिंकनला तार केली की हे गाव, तोफा आणि सुमारे पंचवीस हजार गाठी कापूस ख्रिसमसची भेट म्हणून घ्यावा. मॅडिसन चौकातल्या ज्या घरात तो उतरला ते आज पाहता येते.

जे पाहायलाच हवे

सुंदर घरे पाहून परत यावे असे हे गाव नाही. जॉर्जियात आरंभी गुलामगिरीला कायद्याने बंदी होती, १७३५ पासून. पण शेजारच्या वसाहतीतले मळेवाले श्रीमंत होताना पाहून इथल्या लोकांनी ओरड केली आणि १७५१ पासून बंदी उठली. व्हिटनीच्या यंत्राने काम सोपे झाले, पण कापूस वेचायला हात जास्त लागले, म्हणून गुलाम वाढले. मार्च १८५९ मध्ये गावाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवस लिलाव झाला. चारशेंहून अधिक माणसे विकली गेली. सारा वेळ मुसळधार पाऊस पडत होता. कृष्णवर्णीय लोक त्या दिवसांना 'रडण्याची वेळ' म्हणतात.

आपल्या लोकांविषयीही खरे सांगितले पाहिजे. सव्हानाच्या सुखवस्तू यहुदी घरांतही गुलाम होते. दर पेसाहला 'आम्ही मिसरात दास होतो' असे म्हणणाऱ्या घरांत. आम्ही नुकतीच हागादा वाचून आलो होतो, त्यामुळे हे जास्तच लागले.

ओवेन्स-थॉमस नावाच्या १८१९ सालच्या वाड्यात मालकाच्या दिवाणखान्याइतकीच गुलामांची राहण्याची जागा दाखवतात. तिथल्या छताला जुना निळा रंग अजून आहे. भुते येऊ नयेत म्हणून तो लावत असत असे सांगतात. आणि फ्रँकलिन चौकात कृष्णवर्णीयांचे जुने बॅप्टिस्ट चर्च आहे. दिवसभर मालकाचे काम करून रात्री गुलामांनीच ते बांधले, १८५९ साली पुरे केले. तळघराच्या जमिनीत नक्षीसारखी भोके आहेत. पळून जाणारे गुलाम खाली लपत, त्यांना हवा मिळावी म्हणून ती ठेवली, असे तिथले लोक सांगतात.

सात बायका आणि एक घर

१९५४ साली गावाने जुनी मंडई पाडली आणि तिथे मोटारी ठेवायची इमारत बांधली. पुढच्या वर्षी १८२० सालचे डॅव्हनपोर्ट घर त्याच कारणासाठी जाणार होते. तेव्हा गावातल्या सात बायका एकत्र आल्या, पैसे जमवले आणि घर विकत घेतले. त्यांच्या संस्थेने पुढे शेकडो जुनी घरे वाचवली. रीत अशी की पडायला आलेले घर संस्थेने घ्यायचे आणि नीट दुरुस्त करण्याच्या अटीवरच विकायचे. ती मोटारींची इमारत पन्नास वर्षांनी पाडली आणि २०१० साली तिथे पुन्हा चौक झाला.

रेवदंडा, अलिबाग, पेण, नवगाव ही नावे मनात ठेवून मी हे ऐकत होते. इमारती राखण्याचे काम आपल्या वयात आपल्या हातचे नाही, तिथे जे करत आहेत त्यांना मदत पाठवता येते. पण बेंजामिन शेफ्टालची वही आपण आजही ठेवू शकतो. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली आपला इतिहास लिहिला, तो छापून यायला १९३७ साल उजाडले, तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षे तो कागदावर थांबला, पण लिहिलेला होता म्हणून थांबू शकला. आपल्या नातवंडांना आडनावातले '-कर' कुठल्या गावचे ते ठाऊक नाही. आजोबांचे नाव, आजीचे माहेर, कुठल्या साली कोणत्या बोटीने की विमानाने अलिया केली, पहिले घर कुठल्या माबारात मिळाले, एवढे चार कागदांवर मराठीत लिहून ठेवले तरी पुरे. हिब्रूत कोणीतरी करील.

जाणाऱ्यांसाठी

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. जून ते ऑगस्ट कोकणातल्या मे महिन्यासारखा घाम निघतो. १७ मार्चच्या आसपास मात्र जाऊ नये. आयरिश लोकांच्या सणाला तिथे प्रचंड गर्दी होते आणि हॉटेले महाग होतात.

आतल्या गावात फुकट बस आहे आणि नदी ओलांडणारी छोटी बोटही फुकट आहे. बोटीतून गाव छान दिसते. नदीकाठच्या रस्त्यावर उतरताना जपावे. जिने उभे आहेत आणि दगड ओबडधोबड, काठी असली तरी कोणाचा हात धरावा. सपाट तळव्याचे बूट हवेत. संध्याकाळी बारीक चिलटे चावतात, अंगभर कपडे बरे.

खाण्याचे जपावे लागते. तिथली प्रसिद्ध पक्वान्ने कोळंबीची आणि डुकराची. आम्ही लेकीच्या घरून थेपले, उकडलेली अंडी आणि लोणचे नेले होते. रस्त्याकडेला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात, मीठ घातलेल्या, अगदी आपल्याकडच्यासारख्या. त्या शेंगा चौकातल्या बाकावर बसून खाल्ल्या. भेंडी आणि भातही तिथे खूप. दोन्ही आफ्रिकेतून आणलेल्या लोकांनी तिथे रुजवले. भरती-ओहोटीच्या पाण्यावर बांध घालून भात करायची त्यांची रीत ऐकताना खारजमीन आठवते.

सिनेगॉग पाहायला आधी फोन करून वेळ विचारावी. शाब्बाथला फक्त तेफिलासाठी जाता येते, पाहायला नाही. आत जिने आहेत, आधी सांगितले तर सोय करतात. मोर्देखाय शेफ्टालच्या दफनभूमीत जायचे असेल तर तेही तिथेच विचारावे. आम्ही गेलो तेव्हा पुष्कळ कबरांवर लहान दगड ठेवलेले होते. आम्हीही दोन ठेवले.